सोबत तीन

चाचा रोज सकाळी सहाला फाटक उघडायचे आणि कुलूप खिशात टाकायच्या आधी मान वर करून तीन नंबरच्या कॅमेऱ्याला सलाम करायचे. उजवा हात कपाळाशी, क्षणभर तिथेच, मग खाली. त्यात चेष्टा नसायची. पोस्टमनला करायचे तसाच हा सलाम.

मोबाइलवर पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, डोळ्यांवरचं ऊन अडवताहेत. दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, तरी हात वर गेला. तिसऱ्या दिवशी मी खाली जाऊन विचारलं.

"चाचा, हे कुणाला?"

"बघणाऱ्याला."

"तिथं कोण बघतंय? मशीन आहे ते."

"मशीनच्या मागं कुणीतरी असंल की, सर. बघणारा बी माणूसच हाय ना."

चार वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याची मोजदाद माझ्याकडे नाही. बाकी बऱ्याच गोष्टींची आहे. मी एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत नोकरी केली. रकाना कोरा दिसला की मला अस्वस्थ वाटतं, हे माझ्या घरच्यांनाही माहीत आहे आणि साहेबांनाही होतं.

लातुरात क्लासेसची लाट आली तेव्हा आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी घरावर हॉस्टेलचे मजले चढवले, तसे मीही दोन चढवले. चौदा खोल्या, अठ्ठावीस मुलं, नऊ कॅमेरे. तुम्ही त्या भागात राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, पालक खोली पाहायच्या आधी कॅमेरे मोजतात. फाटकावरचा तीन नंबरचा कॅमेरा मी मुद्दाम भारी बसवला होता. गल्लीतून जाणाऱ्या गाडीचा नंबर त्यात स्वच्छ वाचता यायचा. नवीन पालक आले की मी त्यांना तो वाचून दाखवायचो.

चाचा आमच्याकडे आले ते उदगीरहून. तिथे ते शाळेच्या पिशव्या शिवणाऱ्या एका दुकानात होते. साठीच्या आसपासचं वय, बारीक अंग, पांढरी आखूड दाढी, जाड काचांचा चष्मा. जिन्याखालची खोली, फाटक, पाण्याचा टँकर आणि पार्सलवाले ही त्यांची कामं. पण मुलांमध्ये त्यांचं नाव झालं ते चेनमुळे. डॉक्टर व्हायला आलेल्या मुलाच्या पाठीवरची बॅग म्हणजे धान्याचं पोतं. आठवड्याला एक चेन तुटणारच. चाचांच्या ड्रॉवरमध्ये चेनचे रनर होते, पितळी, काळे, लहान, मोठे. मेणबत्तीचा तुकडा चेनच्या दात्यांवर घासून, पकडीनं रनर दाबून ते बॅग परत द्यायचे आणि म्हणायचे, "घ्या डॉक्टरसाहेब, पोट शिवलं. आता जास्त खाऊ घालू नका."

पहिल्याच दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं होतं. लपवलं काही नाही. ते ब्रह्मदेशातले. त्यांचं गाव जाळलं गेलं, तेव्हा बायको गेली. ते एका लेकीला घेऊन नदी ओलांडून निघाले, बांगलादेशातल्या छावणीत राहिले, मग हैदराबादला आले. त्यांच्याकडे एक कार्ड होतं. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या, परदेशी लोकांच्या एका मोठ्या संस्थेनं दिलेलं. त्यावर फोटो, नंबर आणि या माणसाला जीवाचा धोका आहे, त्याला परत पाठवू नये, अशा अर्थाच्या ओळी. मी त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक फाइलला लावली, एक त्यांना दिली.

"मूळ कार्ड पावसात नेऊ नका," मी म्हणालो.

"पाऊस चालतो सर, प्लास्टिक हाय. माणसालाच चालत न्हाई."

मुलांसाठी फाटकाजवळ अंगठ्याचं मशीन होतं. मी चाचांचाही अंगठा नोंदवायला गेलो. मशीननं सात वेळा नाकारला. आयुष्यभर सुई ढकलून अंगठ्याची कातडी गुळगुळीत झाली होती. डावा घेतला, तोही नाही. चाचा हसून म्हणाले, "बघा, मशीनच्या हिशोबानं मी हायच न्हाई. पगार कुणाला देनार?" शेवटी त्यांची हजेरी मी वहीत हातानं लिहू लागलो.

त्यांच्या सलामाला एकदा उत्तर मिळालं. मुखेडचे एक किराणा दुकानदार, त्यांचा मुलगा आमच्याकडे अकरावीला होता. पालकांना फाटकाचा कॅमेरा मोबाइलवर दिसायचा आणि त्यातून बोलताही यायचं, पण बोलत कुणी नसे. हे गृहस्थ सकाळी दुकान उघडून मुलगा क्लासला निघाला का ते पाहत बसायचे. एका सकाळी चाचांनी हात कपाळाला लावला आणि कॅमेऱ्यातून खणखणीत आवाज आला, "रामराम, चाचा!"

चाचा दोन पावलं मागे सरकले. हातातलं कुलूप पडलं. मग त्यांनी दोन्ही हात जोडले आणि आमच्या सौभाग्यवतींना हाक मारली, "भाभी, बाहेर या! म्हनलं व्हतं का न्हाई, माणूस हाय म्हनून!"

त्यानंतर रोज सकाळी दोघांचं ठरलेलं. "चाचा, पाऊस हाय का तिकडं?" "न्हाई सेठ. तुमच्याकडं?" "हितं बी न्हाई. उडीद करपून राहिला." एकमेकांना कधी न भेटलेली ती दोन माणसं दोन पावसाळे अशी बोलली.

माझं आणि त्यांचं बोलणं जुळलं ते टिनावरून. भूकंपात औसा तालुक्यातलं आमचं घर पडलं आणि आम्ही साडेतीन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली. चाचांनी छावणीत काढलेली वर्षं मोजली तर ती सहा भरत होती. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली कुठल्या कोपऱ्यात बसावं, पहिल्या सरीला भांडी कुठं मांडावी, यावर आम्ही दोघं जाणकारासारखे बोलायचो. सौभाग्यवती म्हणायच्या, "काय बाई कौतुक त्या टिनाचं! दोघांना एक शेड बांधून द्या."

त्या बोलण्यात मी त्यांना आमच्या नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक गोष्ट सांगितली होती. भूकंपानंतर आठव्या दिवशी तलाठी शेडची यादी करायला आले. कागदपत्रं कुणाकडेच नव्हती, सगळी ढिगाऱ्याखाली. अक्षर बरं म्हणून यादी लिहायला मला बसवलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या गावात त्या आठवड्यात बांगड्या विकणारं एक जोडपं उतरलेलं होतं, कर्नाटकाकडचं. त्यांचं एक लेकरू गेलं होतं. ते रांगेत उभे राहिले. मी पेन थांबवलं आणि हळूच म्हणालो, "नाना, हे आपल्या गावचे नाहीत. नियमात बसत नाही." नाना मोठ्यांदा म्हणाले, "लिही. आमच्यासंगं दबलेत, आमच्यासंगंच ऱ्हातील. नातं इचारलं तर भाऊ म्हनून लिही." तलाठ्यांनी मान हलवली. मी लिहिलं, पण मनातून मला ते पटलं नव्हतं.

चाचांनी हातातली पकड खाली ठेवली. मग म्हणाले, "तुमच्या वडलांला माझा सलाम सांगा." नाना जाऊन अकरा वर्षं झाली होती, हे त्यांना माहीत होतं.

त्याच दिवशी त्यांनी मला एक गोष्ट मागितली. चार वर्षांतली एकमेव. लेक आता नांदेडला होती. जावई कुणाच्या तरी मालाच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता. लातूरची फेरी लागली की तो बायकोला आणि चार वर्षांच्या नातीला केबिनमध्ये बसवून आणायचा. चाचांना तासभर नात मिळायची. लेकीचं कार्ड नूतनीकरणाला गेलेलं परत आलं नव्हतं.

"सर, माझं काय बी लिहा. देश लिहा, खरा हाय तो. पन लेकीचं कुठं लिहू नका."

"नाही लिहिणार," मी म्हणालो.

पुढे कधीतरी भाडेकरू आणि नोकरांची माहिती देण्याचे फॉर्म आले. गल्लीत ज्यांच्याकडे बाहेरची माणसं होती ते मूळ ठिकाण हैदराबाद लिहून मोकळे झाले. मी ब्रह्मदेश लिहिलं, कार्डाचा नंबर लिहिला, झेरॉक्स जोडली. 'नातेवाईक' हा रकाना होता. मी तिथे 'माहिती नाही' लिहिलं. माझ्या आयुष्यात मी जाणूनबुजून केलेली ती पहिली खोटी नोंद आणि मला तिचा थोडा अभिमानही वाटला.

सात-आठ महिने काही झालं नाही. मग एका दुपारी साध्या वेशातले दोन अधिकारी आले. सभ्य माणसं होती. चाचा माझ्या कामासाठी बँकेच्या रांगेत होते. अधिकाऱ्यांनी कार्डाची झेरॉक्स पाहिली आणि म्हणाले, "हे कार्ड आपल्या कायद्यात बसत नाही, सर. व्हिसा नाही म्हणजे बेकायदा राहणं." मी म्हणालो, कार्डावर तर परत पाठवू नये असं लिहिलंय. "ती विनंती आहे. ऑर्डर नाही." मग त्यांनी सांगितलं, "ते इथं राहतात एवढं दिसेल असं एका दिवसाचं फुटेज द्या. एक दिवसाचं बस झालं. सोमवारी माणूस पाठवतो."

आता इथे मी सावकाश लिहितो, कारण इथेच माझं काय चुकलं ते आहे.

आमच्या रेकॉर्डरमध्ये तीस दिवस साठतात. एकतिसाव्या दिवशी जुनं आपोआप पुसलं जातं. प्रवेशाचे दिवस होते. अर्धवट दिलं, काही लपवलं असं उद्या कुणी म्हणालं तर हॉस्टेलवर येईल, अशी मला भीती वाटली. भीती होती हे आधी लिहायला हवं, कारण पुढे मी तिला नीटनेटकेपणा असं नाव दिलं. रविवारी सकाळपासून बसून मी तीसच्या तीस दिवस पेनड्राइव्हवर घेतले. एवढं कुणी कसं शोधणार, म्हणून सोबत यादी केली. तारीख, वेळ, कॅमेरा क्रमांक, हालचाल. चार रकाने झाले. पाचवा मीच वाढवला: 'सोबत'.

बहुतेक ओळींत तिथे 'कोणी नाही' असं होतं. एका ओळीत मी लिहिलं: 'सोबत तीन'.

नाव लिहिलं नाही. बाई, पुरुष, मूल असंही लिहिलं नाही. लेकीबद्दल एक अक्षर नाही. मला खरंच वाटलं की मी शब्द पाळला.

चाचांना मी काही सांगितलं नाही. अधिकाऱ्यांनी सांगू नका म्हटलं होतं, हे कारण मी स्वतःला देत राहिलो. खरं तर तसं त्यांनी म्हटलंच नव्हतं. सोमवारी सकाळी चाचांनी माझ्या मोबाइलच्या पडद्यावर नेहमीसारखा हात कपाळाला लावला. मी मोबाइल उलटा ठेवला.

चौथ्या दिवशी गाडी आली. पोलीस, एक बाई कॉन्स्टेबल आणि एकाकडे चेहरा टिपायचं टॅबलेट. अंगठा लागेना. चाचा म्हणाले, "साहेब, तो कुनालाच लागत न्हाई." मग चेहरा. टॅबलेटवाला म्हणाला, चष्म्याची काच चमकते, काढा. चाचांनी चष्मा काढून स्टुलावर, रनरच्या डब्याशेजारी ठेवला. फोटो झाला आणि लगेच त्यांना गाडीत बसवलं. गाडी वळल्यावर मला स्टुलावरचा चष्मा दिसला. मी पळालो, पण गाडी चौकातून गेली होती.

निघताना ते मला एवढंच म्हणाले, "सर, टँकर आज येनार हाय." आणि मग, अगदी हळू, "लेकीचं..."

"नाही लिहिलं," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात त्या दोघांपैकी मोठे अधिकारी पेनड्राइव्ह परत द्यायला आले. चहा झाला. सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. "सर, तुमच्यासारखे नागरिक पाहिजेत," ते म्हणाले. "आम्ही एका दिवसाचं मागितलं, तुम्ही यादीच दिली. ते 'सोबत तीन' वाचलं आणि फुटेजमध्ये बरोबर त्या वेळेवर गेलो. टेम्पो नांदेड पासिंगचा, नंबर तर काय स्वच्छ! मालक दहा मिनिटांत सापडला. तिघंही मिळाले."

ते गेल्यावर सौभाग्यवतींनी कपबशा उचलल्या नाहीत.

"एका दिवसाचं मागितलं होतं त्यांनी?"

"हो."

"मग तीस दिवसांचं कामून दिलंत हो?"

मी पेनड्राइव्हचं टोपण लावलं.

"चाचांनी मला एकदा सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "भाभी, माझ्या माघारी लेक आली तर तिला पाठीमागच्या दारानं घ्या, पुढं कॅमेरा हाय. मी म्हटलं, आमच्या यांच्यावर भरवसा ठेवा. मीच म्हटलं." आणि त्या आत गेल्या. त्या दिवसापासून माझ्याकडच्या कुठल्याही वहीला त्या हात लावत नाहीत.

चाचांना दुसऱ्या जिल्ह्यात, बेकायदा परदेशी लोकांना डांबायच्या एका केंद्रात ठेवलं होतं. लेक आणि नात बायकांच्या भागात, जावई तिसरीकडे. परत पाठवायचे कागद चालू आहेत, एवढंच कळलं. ज्या गावात घर उरलं नाही तिकडे. मी ओळखीच्या वकिलांकडून अर्ज लिहून घेतला, कार्डाची झेरॉक्स लावली आणि चष्मा घेऊन निघालो. सात तासांचा प्रवास.

शहराबाहेर माळावर नवी, पिवळी इमारत. भिंतीवर दर दहा पावलांवर कॅमेरा. मी मोजले, समोरच्या बाजूला एकवीस. मोबाइल काढून घेतला, माझाही चेहरा टिपला. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज घेऊन शिक्का मारला आणि भेटीचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरायला घेतला. तरुण होता, बोलका होता. आमच्याच भागातला, लोह्याकडचा निघाला.

"नातं?"

"ओळखीचे आहेत. माझ्याकडे कामाला होते."

"काका, नातेवाइकालाच भेट हाय. भाऊ, चुलता, काय तरी सांगा." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मी थोडाच बघाया जानार हाय?"

तो थांबला होता. बोटं की-बोर्डवर. मला नानांचा आवाज ऐकू आला, शपथेवर सांगतो. आणि मला हेही दिसलं की मी खोटं नातं लिहिलं, चेहरा टिपलेला आहे, उद्या कुणी तपासलं तर.

"घरमालक," मी म्हणालो.

त्यानं खांदे उडवून टाइप केलं. पडद्यावर लाल पट्टी आली. भेट नामंजूर.

मी उठलो नाही, तेव्हा त्याला बहुतेक दया आली. त्याच्या बाजूला भिंतभर पडदे होते. "लांबून आलाव. हितूनच बघा एकदा. हे बघा, दिवसातून तीनदा मोजणी असते. आता माणसं मोजाया शिपाई लागत न्हाई, मशीनच चेहरे मोजतं. हे आले बघा तुमचे."

पडद्यावर एक लांब पडवी. माणसं रांगेनं कॅमेऱ्यासमोर येत होती, थांबत होती, हिरवा चौकोन चेहऱ्याभोवती उमटला की पुढे सरकत होती. चाचा भिंतीला हात लावत, चाचपडत आले. चष्मा माझ्या खिशात होता. दाढी वाढली होती. ते थांबले. कॅमेरा नेमका कुठे आहे ते त्यांना दिसत नसावं, कारण मान जरा डावीकडे वळली होती. तिकडेच पाहत त्यांनी उजवा हात उचलला आणि कपाळाला लावला.

"रोज करतंय म्हातारं," कारकून म्हणाला. "कुनाला करतंय काय की."

हिरवा चौकोन उमटला. चाचा पुढे गेले.

मी कारकुनाला म्हणालो, "तो फॉर्म पुन्हा काढा. भाऊ लिहा. मी त्यांचा भाऊ आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं, "आता न्हाई जमत, काका. एकदा सिस्टीमला गेलं की नातं बदलता येत न्हाई."

मी चष्मा पाकिटात घालून त्याच्याकडे दिला. पाकिटावर त्यांचं नाव, कैदी क्रमांक, बराक क्रमांक आणि पाठीमागे माझा पत्ता लिहिला. त्यानं पोचपावती दिली. चष्मा, नग एक.

सव्वा महिन्यानं मुखेडच्या दुकानदारांचा आवाज आला. त्यांचा मुलगा कधीच पास होऊन गेला होता, पण मोबाइलवरचा कॅमेरा त्यांनी काढला नव्हता. मी फाटकाशी होतो. "सर, चाचा दिसंना गेलेत बऱ्याच दिसांपासून. आजारी हायत का?" मी वर पाहिलं. "गावाला गेलेत," मी म्हणालो.

"बरं झालं," आवाज आला. "लई दिसांनी गेले आसतील."

त्याच आठवड्यात टपालानं चष्म्याचं पाकीट आलं. वर निळ्या शाईचा शिक्का: सदर इसम या केंद्रात नाही. कुठे आहे, त्याचा रकाना होता, तो कोरा होता. लेकीचं आणि नातीचं विचारायला मी तीन पत्रं पाठवली, तिन्ही नोंदणीकृत. उत्तर नाही.

पाकीट फाडलेलंही नव्हतं. माझा पत्ता मी नेहमीसारखा पूर्ण लिहिला होता, गल्ली, खुणेची जागा, पिनकोडसकट, म्हणून ते कुठेही न चुकता परत आलं. पोस्टमननं सही घेतली आणि सवयीनं जिन्याखालच्या खोलीकडे पाहिलं. त्याला तिथून रोज एक सलाम मिळायचा.